समन्यायी पाणी टेलपर्यंत पोचू द्या

गोदावरी खोऱ्यात 15 ऑक्टोबर ही तारीख शेतकऱ्यांना तोंडपाठ असते. खरिपाचा वापर धरून त्या दिवशी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठ्याच्या 65 टक्के पाणी आहे की नाही, यावर पुढचे दोन महिने कोण कोर्टात जाणार आणि कोण रस्त्यावर उतरणार हे ठरतं. आकडा कमी निघाला की मराठवाड्यात मागणी सुरू होते, वरच्या धरणांतून आमच्या हक्काचं पाणी सोडा. वरच्या बाजूच्या नगर-नाशिकमध्ये पाणी सोडू देणार नाही म्हणून आंदोलनं उभी राहतात. दोन्हीकडच्या निवेदनांत, भाषणांत आणि याचिकांत एक शब्द हमखास असतो. तो म्हणजे समन्यायी. खालच्या बाजूला तो हक्काची खूण आहे. वरच्या बाजूला ‘समन्यायीचा कायदा’ हे शब्द आता संकट आल्यासारखे उच्चारले जातात. न्यायाचा अर्थ पोटात घेऊन आलेला शब्द अर्ध्या खोऱ्यात धास्तीचा होऊन बसावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही धास्ती गैरसमजातून आलेली आहे, असं म्हणून तिला उडवून लावता येणार नाही. तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. समन्यायी हा शब्द आपण एका धरणापासून दुसऱ्या धरणापर्यंतच नेला आणि तिथे थांबलो. धरणाच्या दारातून कालव्यात, कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीवर आणि चारीवरून शेवटच्या, म्हणजे टेलच्या शेतापर्यंत तो गेलाच नाही. म्हणून तो प्रांतांच्या भांडणाचा शब्द झाला.

समान वाटप म्हणजे मोजून सारखे भाग करणं. ते सोपं असतं, पण कित्येकदा अन्यायाचं ठरतं. ज्याच्याकडे पन्नास एकर बागायत आहे आणि ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे, त्यांना एकरी सारखं पाणी दिलं तर कागदावर समानता दिसते, पाणी मात्र पन्नास एकरांकडे जातं. समन्यायी म्हणजे सगळ्यांना एकच न्याय लावणं. मग तो न्याय कोणता, गरजेचा, माणशी हिश्शाचा, जमिनीचा की आधीच्या वापराचा, हे उघडपणे ठरवावं लागतं. हा शब्द वापरणाऱ्यावर ती जबाबदारी येते, आणि तीच आपण टाळत आलो आहोत.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. त्याच्या कलम 12(6)(ग) मध्ये सांगितलं आहे की खोऱ्यातली किंवा उपखोऱ्यातली तूट समन्यायी रीतीने वाटून घेता यावी म्हणून ऑक्टोबरअखेर सगळ्या जलाशयांतल्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी राहील असं नियंत्रण करायचं. यात वाटून घ्यायची आहे ती तूट. चांगल्या पावसाच्या वर्षी कुणीही कुणाला न्याय देऊ शकतो, त्याला कायदा लागत नाही. न्यायाची परीक्षा पाणी कमी पडतं त्या वर्षी असते. आपल्या टंचाईतला वाटा शेजाऱ्याने उचलावा आणि शेजाऱ्याच्या टंचाईतला आपण, एवढं साधं तत्त्व कायद्याने मान्य केलं. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांच्या नियमनासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने 2014 च्या सप्टेंबरात जायकवाडीबाबतचा आदेश दिला आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हा पाणी द्यायचं की नाही, हा प्रश्न कायद्यापुरता तरी मिटलेला आहे.

नगर-नाशिकची बाजूही पूर्ण ऐकली पाहिजे. दारणा धरण 1916 चं, भंडारदरा 1926 चं. जायकवाडीचा नाथसागर 1976 मध्ये पूर्ण झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांवर तिथल्या पिढ्या शेती करत आल्या. त्यांच्या बापजाद्यांनी पाणीपट्टी भरली, त्या पाण्याच्या भरवशावर फळबागा लावल्या, सोसायटीचं कर्ज घेतलं. द्राक्षाची बाग एक वर्ष पाण्यावाचून राहिली तर नुकसान त्या एका हंगामाचं नसतं, वेल उभा करायला लागलेली वर्षं वाया जातात. अशा माणसाला कायद्याचं कलम वाचून दाखवलं तर त्याला ते कोरडंच वाटणार. पण आधीच्या वापराचा हक्क शेवटचा मानला तर जो उशिरा पोचला, ज्याच्या भागात धरण उशिरा झालं, त्याला नदीत कधीच वाटा मिळणार नाही. नदीचं पाणी आधी कोण पोचलं यावर वाटायचं, हा न्याय ताकदवानालाच सोयीचा पडतो. जुन्या वापराला वजन द्यावं, पण त्याला मालकी समजू नये, असं माझं मत आहे. सरकारने ते वजन किती, हे कधीच नीट सांगितलं नाही. त्यामुळे वरच्या शेतकऱ्याला दरवर्षी आपलं सगळंच जाणार अशी भीती वाटते.

त्यांचा दुसरा आक्षेप पाणी वाटेत मुरण्याचा आहे. तो खरा आहे. कोरड्या पडलेल्या नदीपात्रातून शंभर-दीडशे किलोमीटर पाणी नेताना त्यातला मोठा भाग वाळूत जिरतो, काही वाटेतल्या बंधाऱ्यांत अडतो, काही काठावरच्या मोटारी उचलतात. जायकवाडीत पोचतं ते सोडलेल्यापेक्षा बरंच कमी असतं. मग एवढी नासाडी करून न्याय कसला, असं ते विचारतात. याचं उत्तर कायद्याने स्वतःच दिलेलं आहे. त्यात मुदत ऑक्टोबरअखेरची आहे. त्या वेळी पात्र ओलं असतं, पाऊस नुकताच सरलेला असतो, नाले वाहत असतात, आणि मुरण कमी होते. आपण काय करतो? बैठका, स्थगितीचे अर्ज, मंत्र्यांची पत्रं, बंदोबस्ताची जुळवाजुळव यात महिना घालवतो. 2023 मध्ये साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी सोडायचा निर्णय झाला आणि प्रत्यक्ष विसर्ग नोव्हेंबर संपता संपता सुरू झाला. तोवर पात्र सुकत जातं आणि वरच्या शेतकऱ्याचं रब्बीचं नियोजनही झालेलं असतं. पाणी मुरतं ते नदीमुळे, पण जास्तीचं मुरतं ते आपल्या उशिरामुळे. वेळेवर न दिलेला वाटा देणाऱ्यालाही जास्त जातो आणि घेणाऱ्यालाही कमी पोचतो. या उशिराची जबाबदारी सरकारच्या कुठल्याही कागदावर कुणाच्या नावे नोंदलेली नसते, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

आता मराठवाड्याकडे वळतो. वरून पाणी मागताना समन्यायी म्हणणारा भाग आपल्या लाभक्षेत्रात तोच शब्द पाळतो का? जायकवाडीचा पैठण डावा कालवा 208 किलोमीटरचा. पैठणहून निघून जालना जिल्ह्यातून तो परभणीकडे जातो. ज्यांची शेतं हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला आहेत त्यांना पाळी आली की दार उघडायचं एवढंच काम. टेलच्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी असते. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटल्याची बातमी येते, तो सऱ्या-वाफे तयार ठेवतो, आणि मग वाट बघतो. वर कालव्यावर बसवलेल्या मोटारी रात्रंदिवस चालतात. चारीत गाळ आणि बेशरमाची झुडपं माजलेली, मध्येच कुणीतरी दगड-माती टाकून चारी अडवलेली. शेजपाळीचा, म्हणजे ओळीने लागणाऱ्या पाळ्यांचा, कागद असतो, पण पाळी रात्री दोन वाजता येते आणि पाणी घोट्याएवढं येऊन पहाटे बंद होतं, कारण तोवर आवर्तन संपलेलं असतं. विचारायला पाणी सोडणारा पाटकरी नाही, कारण कर्मचाऱ्यांची पदं रिकामी. मग तो माणूस विंधन विहीर घ्यायच्या मागे लागतो आणि कर्जात जातो. जायकवाडी भरलेल्या वर्षीही हे घडतं. तेव्हा त्याच्या नावाने मागितलेलं पाणी त्याला मिळत नाही, हे मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल करायला हवं.

त्यात ऊस. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्राचा अगदी छोटा तुकडा उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा तो पितो, हे तज्ज्ञ आणि आयोग वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. खात्रीने विकलं जाणारं, गारपिटीत टिकणारं, कारखान्याने येऊन तोडून न्यायचं पीक दुसरं कोणतं आहे? पण टंचाईच्या वर्षी एका गावात उभा ऊस आणि त्याच चारीवर पुढच्या गावात जळालेली ज्वारी, हे दृश्य ज्या पाणीवाटपातून तयार होतं त्याला समन्यायी म्हणता येत नाही. मग ते गाव पैठणचं असो की राहुरीचं.

2005 च्या त्या कायद्याच्या त्याच कलम 12(6) मध्ये आणखी एक तरतूद आहे, जिच्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला पाण्याचा कोटा मिळाला पाहिजे, आणि टंचाईच्या काळात प्रत्येकाला शक्य तोवर निदान एक एकर भिजेल एवढा कोटा मिळाला पाहिजे, असं ती म्हणते. एक एकर प्रत्येकाला. हे वाक्य अमलात आणायचं ठरवलं तर टंचाईच्या वर्षी आधी सगळ्यांचं एकेक एकर, आणि उरलं तर बाकीचं, असा क्रम लागतो. मोठ्या शेतकऱ्याचंही एक एकर त्यात आलंच. धरणांमधल्या टक्केवारीचं कलम सगळ्यांना पाठ आहे आणि एक एकराचं कलम कुणाच्या जिभेवर नाही, याचं कारण उघड आहे. पहिल्या कलमात समोर दुसरा जिल्हा असतो. दुसऱ्यात समोर आपल्याच गावातला, आपल्याच पक्षातला, कधी आपल्याच भावकीतला माणूस असतो.

हे सगळं स्वप्नाळू वाटत असेल तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावकडे बघावं. 1972 च्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे तिथे पोचले. दुष्काळी कामावर खडी फोडणारे शेतकरी त्यांनी पाहिले आणि पाणलोटाचं काम हाती घेतलं. देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन खंडाने घेऊन त्यांनी तिथे पाणी अडवून दाखवलं. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आज वाचले तरी धक्का बसतो. पाणी कुणाच्या जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरणार. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ऊस आणि तशी बारमाही पिकं घ्यायची नाहीत. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे पाण्याचा हक्क सातबाऱ्याला चिकटलेला आहे. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त पाणी, ज्याच्याकडे जमीन नाही त्याला पाणी नाही. म्हणजे शतकांपासून जमिनीचं जे विषम वाटप झालं, त्याच साच्यात पाणीही ओतायचं. सार्वजनिक पैशातून धरण बांधलं, त्यासाठी गावं उठली, आणि लाभ मात्र ज्याच्या नावावर उतारा आहे त्यालाच. बहुतेक घरांत उताऱ्यावर बाईचं नाव नसतं, त्यामुळे चारीवर रात्र काढणाऱ्या बाईला पाणी वापर संस्थेत मतही नसतं. साळुंखे यांनी पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवली, आणि न्यायाचा धागा तिथेच सुटा झाला. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणानेही तेच तत्त्व धरलं: भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाणी. ते धरण लोकांनी वर्गणीतून, श्रमदानातून आणि नदीतली वाळू विकून उभं केलं. समन्यायी हा शब्द मुख्यतः या चळवळींतून लोकांच्या तोंडी आला. तो नंतर कायद्यात शिरला, आणि शिरताना त्यातला भूमिहीन बाहेरच राहिला.

भूमिहीनाला पाणी देऊन तो काय करणार, असं विचारणारे भेटतात. तो ते पाणी खंडाने देईल, किंवा खंडाने जमीन घेऊन कसेल. पाण्यावाचून जमिनीची किंमत किती हे दुष्काळी भागातल्या कुणालाही कळतं, त्यामुळे पाण्याचा वाटा हातात असलेला मजूर बांधावर उभा राहून वाटाघाट करू शकतो. आज तो फक्त रोजंदारीची वाट बघतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या, मग तत्त्व फसलंच ना? मला ते पटत नाही. गावकऱ्यांनी स्वतः पाळलेल्या नियमाला कायद्याचं पाठबळ नव्हतं. शेजारी कुणीही खोल बोअर घेऊन वाट्याबाहेरचं पाणी उपसू शकत होता, आणि त्याला अडवायचा अधिकार योजनेला नव्हता. शेजारी नियम न पाळणारा असेल तर नियम पाळणारा किती वर्षं टिकणार? एवढ्या वाऱ्यात त्या योजना इतकी वर्षं चालल्या, हेच मला मोलाचं वाटतं.

आणि वाटून घेण्याची सवय आपल्याला नवी नाही. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस कुठल्या फडात हे मिळून ठरवायचं, पाणी कमी असेल तर फड कमी भिजवायचे. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे तूट आली तर ती सगळ्यांना थोडी थोडी बसे. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतःचं दार स्वतः उघडायचं नाही. तिथेही जातीची उतरंड होती आणि भूमिहीन बाहेर होता, तेव्हा त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मात्र पीक आणि पाणी एकत्र बसून ठरवता येतं, एवढं तिने दाखवलं. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावरच्या पाणी वापर संस्थांनी हेच काम आधुनिक पद्धतीने केलं: धरणातून मोजून पाणी घ्यायचं, आणि हिशेब सभासदांसमोर मांडायचा. मोजल्यावर बरीच भांडणं आपोआप संपतात, कारण भांडण संशयावर पोसलेलं असतं.

सरकार मात्र उलट्या दिशेने गेलं. 2005 च्या कायद्यात शेती, पिणं आणि उद्योग यांच्यात पाणी कसं वाटायचं हे स्वतंत्र प्राधिकरणाने, लोकांचं म्हणणं ऐकून ठरवायचं होतं. शेतीसाठी बांधलेल्या धरणांतलं पाणी उद्योगांना आणि शहरांना दिल्यावरून वाद वाढले, तेव्हा 2011 मध्ये कायदा दुरुस्त करून हा अधिकार मंत्रिमंडळाकडे नेला गेला. पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे, त्यात वाद नाही. पण शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी त्याला न विचारता बंद दाराआड वळवलं गेलं, तर निर्णय कितीही शहाणपणाचा असो, तो समन्यायी ठरत नाही. ज्याच्या ताटातलं काढायचं त्याला आधी बोलावून ऐकणं, हा समन्यायाचा अर्धा भाग आहे.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. नगर-नाशिकच्या पुढाऱ्यांनी कायदा रद्द करा ही मागणी सोडावी आणि त्याऐवजी मागावं की ठरलेलं पाणी ऑक्टोबरातच सुटावं, मुरणीचा हिशेब दर आठवड्याला जाहीर व्हावा, आणि खाली पोचलेलं पाणी कुणाच्या शेतात गेलं हे आम्हाला कळावं. तो त्यांचा हक्कच आहे. ज्याने आपल्या द्राक्षाचं पाणी सोडलं, त्याला ते कुणाच्या तरी उसात जिरलं असं ऐकायला लागू नये. मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी वरून पाणी मागण्याआधी आपल्या कालव्यावर ते कसं वाटणार ते लिहून द्यावं: टेलकडून हेडकडे पाळी, प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी चालू स्थितीतलं मोजमापाचं साधन, कालव्यावरच्या विनापरवाना मोटारींची वीज तोडणी, आणि टंचाई जाहीर झाल्या क्षणापासून प्रत्येक खातेदाराचं एक एकर आधी.

हे ठरवायला नवा कायदा लागत नाही. कालवा सल्लागार समितीची रब्बीची बैठक दरवर्षी होतेच. तिच्यात आज आवर्तनं किती आणि कोणत्या तारखेला, एवढं ठरतं, आणि फोटो काढून माणसं घरी जातात. यंदाच्या बैठकीत जायकवाडीच्या डाव्या आणि उजव्या कालव्याच्या शेवटच्या चाऱ्यांवर मागच्या हंगामात किती पाणी पोचलं, याचा आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा. तो आकडा नसेल, तर नाही असं लिहून घ्यावं, आणि त्या चाऱ्यांवरच्या शेतकऱ्यांना पुढच्या बैठकीचं निमंत्रण द्यावं.